विहिरीच्या गोष्टीला मी लावलेला शेवट

माझ्या बायकोला यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं मी कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की मी नकळत गोष्ट सुधारायला लागतो. ती माझी जुनी खोड आहे, आणि ही हकिकत त्या खोडीचीच आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहायचो. मोटारींची सीट बनवणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनिअर होतो. ऑफिसच्या मागे टेस्टिंगची लॅब होती. तिथं माणसाच्या बुडाच्या आकाराचं एक यंत्र दिवसभर सीटवर बसायचं, उठायचं, परत बसायचं. फोम किती टिकतो ते बघायला. ही लॅब एक कृष्णवर्णीय बाई सांभाळायच्या. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं संथ. आम्ही देशी मंडळी आपसात त्यांच्यासारख्या लोकांसाठी जो शब्द वापरायचो, तो इथं लिहीत नाही. मीही वापरायचो, एवढं मात्र लिहितो.

लॅबमधल्या बाई कॉलेजात असताना दक्षिणेत नागरी हक्कांच्या लढ्यात होत्या. ज्या दुकानातल्या काउंटरवर काळ्या माणसाला कॉफीसुद्धा मिळत नसे, तिथल्या स्टुलावर जाऊन त्या मैत्रिणींबरोबर नुसत्या बसल्या होत्या. त्यांच्या केसांत कुणी साखर ओतली, कुणी मानेवर सिगारेट टेकवली. त्या उठल्या नाहीत. पुढे तुरुंगात गेल्या. हे सगळं मला कळलं ते त्या यंत्राशेजारी उभं राहून, रिपोर्टची वाट बघताना. "बसून राहणं ही माझी जुनी कला आहे," त्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याला मीच शिकवलंय."

एकदा मी विचारलं, तुमचा पुढारी तेव्हा कोण होता? त्यांना प्रश्न आवडला नाही. म्हणाल्या, "फोटोत एक जण पुढे दिसतो. पण आम्ही बसायला जायच्या आधी चर्चच्या तळघरात तालीम करायचो. एकमेकींना घाणेरड्या शिव्या द्यायच्या, ढकलायचं, केस ओढायचे, आणि समोरचीनं हात उचलायचा नाही. जिचा हात उचलला जाई, तिला आम्ही बसायला नेत नसू. ती सँडविच करायची. होस्टेलवर माझ्या खोलीत राहणारी मुलगी शेवटपर्यंत सँडविचच करत राहिली. माझ्या दृष्टीनं तीही पुढारीच."

त्याच कंपनीत नागपूरचा एक जण माझ्या ओळखीचा झाला होता आणि पुढे मित्र. साच्यांच्या डिझाइनमधला फार हुशार माणूस. अख्ख्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तो बौद्ध आहे हे मला पहिल्याच भेटीत, त्याच्या हॉलमधल्या भिंतीवरचे फोटो बघून कळलं. मी त्यावर चकार शब्द काढला नाही, आणि न काढण्याला मी स्वतःचा मोठेपणा समजत होतो. मी साताऱ्याकडच्या एका शेतीवाल्या घरातला. तो विषयही मी काढला नाही.

त्या हिवाळ्यात त्याची आई आली होती. मी तिला मावशी म्हणायचो. मित्राचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे दिवसभर मावशी अपार्टमेंटमध्ये एकट्या. माझी बायको अधूनमधून त्यांना घरी घेऊन यायची. त्या आमच्या कॉइलच्या शेगडीवर ज्वारीच्या भाकरी थापायच्या आणि खिडकीबाहेर बर्फ उपसणारी गाडी आली की म्हणायच्या, "इथं सरकार सकाळी अंगण झाडते, मायबाई. आमच्याकडं सरकारले कचेरी झाडायले माणूस भेटत नाही."

जानेवारीत अमेरिकेत नागरी हक्कांच्या त्या लढ्याच्या स्मरणाची सुट्टी असते. लॅबमधल्या बाईंच्या डेट्रॉइटच्या चर्चमध्ये दर वर्षी त्या दिवशी दुपारी कार्यक्रम व्हायचा. त्यांनी मला विचारलं, तुमच्या देशात शांततेनं लढा कसा झाला यावर बोलशील का? मी लगेच हो म्हटलं. स्लाइड्स केल्या. तिथल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्ष काकांना फोन करून सांगितलं, काकांनी आणखी दोनतीन कुटुंबांना सांगितलं.

मग जेवणाच्या सुट्टीत मित्र बाईंना सहज म्हणाला, "माझी आई सत्याग्रह करून तुरुंगात गेली होती. मी तेव्हा तिच्या कडेवर होतो." बाईंनी हातातला काटा खाली ठेवला.

"ती इथं आहे?"

"आहे ना. घरी कंटाळून टीव्ही बघतेय."

"मग ती बोलेल," बाई म्हणाल्या. तसं त्यांनी ठरवूनच टाकलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ओहायोच्या प्लँटमध्ये साचा अडकला आणि मित्राला तिकडे जावं लागलं. तो मला म्हणाला, "तू आईला घेऊन जा यार. ती मराठीत बोलेल, तू ट्रान्सलेट कर. तुझं इंग्लिश माझ्यापेक्षा सरस आहे." आणि थोडं थांबून, "तिनं हे कधी बाहेर कुठं सांगितलेलं नाही. मलासुद्धा तुकड्यातुकड्यांतच सांगितलंय. नीट सांग हां."

मी म्हटलं, "काळजी करू नको."

मावशी पांढरं लुगडं नेसून, वर मुलाचा स्वेटर आणि पायांत मुलाचेच मोठे बूट घालून आल्या होत्या. चर्च भरलं होतं. पुढच्या बाकांवर म्हातारी माणसं, बायकांच्या डोक्यांवर हॅट, आणि एका बाजूला आमची मंडळाची मंडळी, काका सूट घालून. आधी मी बोललो. स्वातंत्र्यलढा, अहिंसा, उपोषणं, मिठाचा सत्याग्रह. शेवटी मी म्हणालो की तुमच्या लढ्याचं बी आमच्या मातीतलं आहे. मला ते वाक्य फार आवडलं होतं. आज ते आठवलं की मी बसलेल्या जागी पाय आखडून घेतो. ज्यांच्या मानेवर सिगारेटी विझवल्या होत्या त्यांना मी सहन करण्याचं मूळ गाव सांगत होतो. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्याच्या मुलानं कविता म्हटल्यावर वाजवतात तशा.

मग मावशी उठल्या. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

त्या एक वाक्य बोलायच्या, थांबायच्या, मी ते इंग्रजीत सांगायचो. आम्हाला जमीन नव्हती. सरकारी पडीक जमीन होती, ती कसायला द्या म्हणून आम्ही मागत होतो. गावोगावच्या बाया कचेरीपुढं जाऊन बसल्या. पोलिसांनी गाडीत घातलं. लेकरू अंगावर पीत होतं, तसंच तुरुंगात नेलं. तुरुंगात इतक्या बाया, इतकी लेकरं, की रात्री पाय पसरायला जागा नव्हती.

इथपर्यंत मी शब्दाला शब्द सांगितलं. त्या चर्चमधली पद्धत अशी की बोलणाऱ्याला ऐकणारे साथ देतात. प्रत्येक वाक्यानंतर बाकांमधून आवाज यायचे, "हो, माय", "सांगा, सांगा". कुणी हात वर करायचं. मावशींना भाषा कळत नव्हती, पण साथ कळत होती. त्यांचा आवाज मोकळा झाला. मान वर झाली. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "तुरुंगातून गावात आलो तं गावानं आमचं पाणी बंद केलं."

काका खाकरले. मला ते नीट ऐकू आलं.

"आमी महार. आधीच विहिरीवर चढू देत नव्हते. खाली उभं राहाचं, कोणी ओतलं तं घ्याचं. आता तेही बंद केलं. म्हणे, सत्याग्रह करता काय, जा, सरकारकडून पाणी आणा."

मी सांगितलं: गावात पाण्याची टंचाई होती.

एवढंच वाक्य. जातीचा शब्द नाही, विहिरीवर चढू न देणारे नाहीत. हे मी विचार करून केलं असं मला म्हणता येत नाही, आणि विचार न करता केलं असंही म्हणता येत नाही. माझ्या मनात होतं की आत्ताच मी आपल्या मातीचं इतकं सांगितलं, आणि आता हे. माझ्या मनात काकांचं खाकरणं होतं. या लोकांपुढे आपली अब्रू जायला नको, असंही होतं. 'या लोकांपुढे' हेच शब्द.

मावशी पुढे बोलत राहिल्या. आम्ही सगळ्या बाया रिकामे हंडे घेऊन विहिरीच्या भोवती बसलो. कुणाला शिवी दिली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी भरू दिलं. नुसत्या बसलो. मी सांगितलं: सगळ्या बायका पाण्यासाठी विहिरीपाशी शांतपणे बसल्या. बाकांमधून "हो, माय" आलं. लॅबमधल्या बाई पुढे सरकून बसल्या. बसण्याचं त्यांना कळत होतं.

"मंग माह्या मालकानं बादली सोडली. तं गावातले लोक काठ्या घेऊन आले. त्याचा हात मोडला, तो पुन्हा सरळ झाला नाही. मलेही मारलं. पोटावर मारलं. पोलीस पाहत होते. त्याच हप्त्यात आमी गाव सोडलं. त्या विहिरीचं पाणी आमी आजपावेतो पेलो नाही."

त्या थांबल्या. सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. त्यांना शेवट हवा होता असं मला वाटलं. खरं तर शेवट मलाच हवा होता. आणि मी म्हणालो: शेवटी त्यांच्या शांतपणापुढे गाव वितळलं, आणि सगळ्या गावानं त्या विहिरीचं पाणी एकत्र प्यायलं.

लोक उठून उभे राहिले. टाळ्या, ऑर्गन, हसणारे, रडणारे चेहरे. हॅट घातलेल्या एका म्हातारीनं पुढे येऊन मावशींचे दोन्ही हात धरले आणि आनंदानं हलवले. मावशी तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर त्या खाली बसल्या आणि स्वेटरच्या बाह्या ओढून हात आत घेतले.

तळघरात जेवण होतं. काका प्लेट घेऊन माझ्याजवळ आले. दोन्ही भाषा कळणारे तेच काय ते तिथं होते असं नाही, आमची सगळी मंडळी तिथं होती. काका हळूच म्हणाले, "छान सांभाळलंस हो." काकूंनी माझ्या प्लेटमध्ये केक ठेवला. बाकीचे आपापल्या प्लेटमध्ये बघत होते. माझ्या बायकोला सर्दी होती म्हणून ती घरी होती. ती आली असती तर मी काय केलं असतं, याचा विचार मी फार वेळा केला आहे.

परत येताना मावशी गाडीत माझ्या शेजारी बसल्या होत्या. हायवेच्या दोन्ही बाजूंना काळवंडलेला बर्फ साचला होता. मी हीटर वाढवला, मग कमी केला.

"बापू," त्या म्हणाल्या, "मी मार खाल्ल्याचं सांगतलं, तवा त्या काहून हासल्या?"

मी म्हटलं, "मावशी, मी थोडं सोपं करून सांगितलं."

"सोपं म्हंजे?"

"म्हणजे शेवट... त्यांना तो कळला नसता."

"मार कळत नाही त्यायले?" त्या खिडकीकडे बघतच म्हणाल्या. "त्यायनं काय कमी खाल्ला? त्या बाईनं मले मानेवरचा डाग दाखवला ना. मी म्हटलं, हिले सांगाले काही हरकत नाही." मग थोड्या वेळानं, "काय सांगतलं तू त्यायले?"

मी सांगितलं. गाव एकत्र पाणी प्यायलं, हे मराठीत तोंडातून काढताना मला समजलं की मी काय केलं होतं. मावशी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी क्षमा तरी मागितली असती.

"त्या बाईले खरं सांगजो," त्या म्हणाल्या. "तूच सांग. माह्या पोराले सांगू नको. परमुलखात तुमी दोघंच आहा."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेलो. बाई हातात कॉफी घेऊन उभ्या होत्या. मला बघून त्यांनी कॉफी ठेवली आणि म्हणाल्या, "रात्रभर मी त्या विहिरीचा विचार करत होते. आमच्याकडे एक गाव असं वितळलं असतं तर." त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, रिपोर्ट झाला का? त्यांनी रिपोर्ट दिला. मी निघून आलो.

नंतर रोजच जरा उशीर होत गेला. आठवड्यानं सांगणं विचित्र दिसेल असं वाटलं, महिन्यानं तर अशक्य. वसंतात मावशी परत निघाल्या तेव्हा आम्ही विमानतळावर पोचवायला गेलो. मित्र सामान चढवत होता तेवढ्यात त्यांनी हळू आवाजात विचारलं, "सांगतलं?" मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मी ठेवू दिला.

पुढल्या जानेवारीत लॅबमधल्या बाई माझ्या मित्राला म्हणाल्या, "या वर्षी तू यायचंच. आमची संडे स्कूलची मुलं तुझ्या आईची गोष्ट करून दाखवणार आहेत." मित्र हरखून गेला. त्यानं कॅमकॉर्डर आणला, नवी टेप घातली. आईला पाठवायची होती. मला म्हणाला, "तुझ्याशिवाय हे झालं नसतं यार. चल, तू पण चल." नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

मुलांनी चादरींची लुगडी केली होती. मधे पुठ्ठ्याची विहीर. मुली प्लास्टिकच्या बादल्या घेऊन तिच्याभोवती बसल्या. मित्र डोळ्याला कॅमेरा लावून हसत होता. एक छोटी मुलगी अगदी मावशींसारखी हनुवटी वर करून बसली होती. मग गावकरी झालेली मुलं आली, विहिरीपाशी थांबली, आणि एकदम हातातल्या काठ्या टाकून त्यांनी मुलींना उठवलं. सगळ्यांनी एकाच कपातून पाणी प्यायल्याचं नाटक केलं. छोट्या मुलीनं मोठ्यानं शेवटचं वाक्य म्हटलं: आणि त्या दिवसापासून विहीर सगळ्यांची झाली.

मित्रानं कॅमेरा खाली घेतला नाही. टाळ्या संपेपर्यंत तो चित्रण करत राहिला. मुलांना नंतर त्यानं एकेकाला हात मिळवून छान केलंत म्हणून सांगितलं. छोट्या मुलीला उचलून घेतलं. मला वाटलं, त्याच्या लक्षात आलं नसेल. मग तो माझ्याकडे आला.

"आई असं म्हणाली?"

मी मुलांनी टाकलेली एक काठी उचलून बाजूला ठेवली.

"माझ्या बापाचा हात तू पाहिलायस. फोटोत. तू विचारलं होतंस, हाताला काय झालं म्हणून. मी सांगितलं होतं तुला."

त्यानं सांगितलं होतं. ते मी विसरलो नव्हतो. चर्चमध्ये मावशींच्या शेजारी उभा होतो तेव्हाही विसरलो नव्हतो.

तो ओरडला नाही. तळघरातल्या स्वयंपाकघरात लॅबमधल्या बाई मोठी भांडी विसळत होत्या, तिकडे तो मला घेऊन गेला. दार लोटलं. मला वाटलं आता तो सांगणार. त्याचं इंग्रजी उत्तम होतं, 'तुझं सरस आहे' हा त्याचा चांगुलपणा होता. पण तो बाईंना एवढंच म्हणाला, "माझ्या आईच्या बोलण्यातलं काही राहिलं होतं. ते आज हा सांगणार आहे." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "मी मराठीत सांगतो. तू इंग्लिशमध्ये सांग. त्या दिवशीसारखंच."

"अरे, तू सरळ..."

"नाही. तूच."

बाईंनी हात पुसले आणि स्टुलावर बसल्या.

तो एक वाक्य बोलला. आम्ही महार होतो. मी सांगितलं, आणि मग त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागला, म्हणजे कुणी कुणाला शिवायचं नाही ते. तो थांबून राहिला होता. विहिरीवर चढू देत नव्हते. मी सांगितलं. सत्याग्रह केला म्हणून पाणी बंद केलं. बाईंनी मान हलवली, त्यांना त्यात नवं काही वाटल्याचं दिसलं नाही. माझ्या बापाचा हात मोडला. माझ्या आईच्या पोटावर मारलं. हे वाक्य त्यानं दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा माझा आवाज आला नाही. पोलीस पाहत होते. आम्ही गाव सोडलं. त्या विहिरीचं पाणी आम्ही प्यायलो नाही.

त्याला कुठंही अडखळायला झालं नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग होता की नाही हे मी सांगू शकत नाही, मी सगळा वेळ सिंककडे बघत होतो.

बाईंनी मित्राला विचारलं, "वर्षभर मी मुलांना हे शिकवत होते?"

"हो," तो म्हणाला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. त्या माझ्यावर चिडतील अशी मी तयारी केली होती. त्यांनी विचारलं, "काठ्या घेऊन आले ते लोक कोण होते?"

मी मित्राकडे पाहिलं. तो म्हणाला, "तू सांग."

"आमचे," मी म्हणालो. "माझ्या जातीचे. किंवा तशाच."

"आणि तुझ्या घरी? तुमच्याकडे विहीर होती?"

मी म्हणालो, "नाही. आम्ही पुण्यात वाढलो. नळ होता."

मित्राला माझं गाव माहीत होतं. माझ्या लग्नाच्या अल्बममधला वाड्यामागचा मळा, मोटेची विहीर, सगळं त्यानं पाहिलं होतं. तो काहीच बोलला नाही. बाई उठल्या, उरलेलं भांडं विसळलं, आणि म्हणाल्या, "मुलांना पुढच्या रविवारी मी खरं सांगेन. ती मोठी व्हायची आहेत, त्यांनी तालीम चुकीची करायला नको." मला त्यांनी त्या रविवारी ये म्हटलं नाही.

तिथून आम्ही मित्राच्या घरी गेलो. मला उतरवून तो निघून गेला असता तर बरं झालं असतं, पण गाडी माझी होती. घरी आल्याआल्या त्यानं कॉलिंग कार्डावरचा नंबर दाबून नागपूरला फोन लावला. तिकडे पहाट होती, मावशी उठलेल्याच असायच्या. मी दाराशी बूट घालून उभा होतो.

"आई, त्या बाईंना सगळं सांगितलं," तो म्हणाला. "खरं, पूर्ण." पलीकडून काहीतरी विचारणं झालं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हो. त्यानंच सांगितलं."

त्यानं मला वाचवलं. आईचं मन राखायला, की मला आणखी लाजवायला, की सवयीनं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. काही महिन्यांनी तो नोकरी बदलून व्हर्जिनियाला, हर्नडनला गेला. सुरुवातीला दिवाळीला फोन व्हायचे. मावशी गेल्याचं मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून राहिलं आहे, ते इथं लिहितो.

आमच्या गावच्या घरी विहीर होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मुलं तिथं असायचो. खालच्या आळीच्या बायका सकाळी येऊन विहिरीच्या खाली, उतारावर उभ्या राहायच्या. गडी पाणी शेंदायचा आणि वरून त्यांच्या घागरीत ओतायचा. मी हट्ट करून ते काम मागून घेतलं होतं. कळशी माझ्या हातात आली की मी धार मुद्दाम इकडेतिकडे करायचो. घागर घेऊन त्यांना धारेखाली सरकावं लागायचं, डावीकडे, उजवीकडे. अर्धं पाणी मातीत जायचं. त्यातली एक जण माझ्या आजीच्या वयाची होती. ती हसायची, कारण मी मालकाचा मुलगा होतो, आणि मला वाटायचं तिलाही मजा येते. घरातलं कुणी मला ओरडलं नाही. एकदा मी घागर रिकामीच ठेवून, पाणी संपलं असं सांगून आत पळून गेलो, आणि जेवायला बसलो. ती बाहेर किती वेळ उभी होती ते मला माहीत नाही. मी बघायला गेलो नाही.